ट्रेलरला गाडी कोणती जोडावी?



वसंत व्याख्यानमालेचे चिटणीस आमच्याकडे आले, तेव्हा कामगार चळवळीच्या भवितव्यावर आम्ही बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही त्यांना म्हटले, भवितव्यावर बोलणारी मंडळी पुष्कळ आहेत. आम्हांला एका हुकावर बोलू द्या. ते हसले. पण गाडीच्या मागे ट्रेलर जोडतात त्या हुकाला एके दिवशी आमच्या संघटनेचा पैसा, एका ड्रायव्हरचा जीव आणि आमचे स्वतःचे अज्ञान ही तिन्ही एकदमच टांगलेली होती. त्या प्रसंगातून जे शिकलो ते आपणापुढे ठेवावयाचे आहे. प्रश्न साधा आहे. बंद पेटीचा एक लहान ट्रेलर ओढावयाचा झाला, तर त्याच्यापुढे गाडी कोणती असावी?

प्रथम या ट्रेलरचे कूळ सांगितले पाहिजे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या बाजूंनी ऊसतोडणीच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात. फडाशेजारी त्यांच्या कोप्या पडतात आणि पाच-सहा महिने तेच त्यांचे गाव होते. कोयत्याने पाय कापला, बाळंतिणीला ताप भरला, पोराला जुलाब लागले, तर दवाखाना दूर असतो आणि एका दिवसाची तोड बुडते. म्हणून २०२२ साली आमच्या कारखान्यांतल्या कामगारांनी एकेका दिवसाचा पगार काढून एक बंद ट्रेलर बनवून घेतला. आठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, आत ताठ उभे राहता येईल एवढा उंच. आत तपासणीची खाट, औषधांचे कपाट, पाण्याची टाकी आणि एका बाजूस मुलांच्या पुस्तकांची फळी. खाली दोन चाके, पुढे दांडी. स्वतःचे इंजिन नाही.

कुणी विचारील, आणि हा प्रश्न पहिल्यानेच विचारावयास हवा, की ट्रेलर हवाच कशाला? एखाद्या पिकअपवरच पेटी बसवली असती तर जोडण्या-सोडण्याची कटकट नव्हती. हे अगदी बरोबर आहे. रोज फिरतीच असेल, मुक्काम नसेल, तर ट्रेलरच्या भानगडीत पडू नये असेच आम्ही सांगू. पण आम्हांला पेटी एका तळावर चार दिवस उभी ठेवावयाची होती आणि त्या चार दिवसांत गाडी दुसऱ्या कामाला मोकळी हवी होती. ट्रेलरचा खरा फायदा हा एवढाच. तो ज्याला नको आहे, त्याने ट्रेलरचे तोटे विकत घेऊ नयेत.

पेटी तयार झाली आणि कार्यकारिणीची बैठक बसली. तीन गाड्या समोर होत्या. एका सभासदाची लहान मोटार; एका हितचिंतकाने देऊ केलेली, अलीकडे शहरातून दिसते तशी उंच धाटणीची नवी मोटार; आणि जीपच्या जातीची एक जुनी डिझेल गाडी, जी आम्हांला स्वस्तात मिळत होती. कुणी ट्रॅक्टरचेही नाव काढले. बैठकीत दोन तास चर्चा झाली ती घोड्यांची. नव्या मोटारीला सव्वाशे घोड्यांचे इंजिन, जुन्या जीपला पाऊणशे. तेव्हा नवीच घ्यावी असे ठरले. पेटीचे वजन किती, हे एकानेही विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. आणि आम्हांला ते विचारावयास काहीच अडचण नव्हती. आमचे शाळेतले शिक्षण सातवीवर संपले आणि सोळाव्या वर्षी, १९८६ साली, आम्ही मालट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. घाटात चाकामागे दगड लावण्यात ज्याची तीन वर्षे गेली, त्याने तरी वजन विसरावयास नको होते.

चाचणी म्हणून आम्ही पेटी औषधांनी, पुस्तकांनी आणि पाण्याने भरली आणि नव्या मोटारीमागे जोडून निघालो. एस.टी.तून निवृत्त झालेले आमचे एक बंधू गाडी चालवीत होते, आम्ही शेजारी बसलो होतो. एका साध्या उतारावर, साठाच्या वेगात, एक मोठी मालगाडी आम्हांला ओलांडून पुढे गेली. तिच्या वाऱ्याने पेटी जरा हलली. मग ती दुसऱ्या बाजूस हलली, अधिक जोराने. तिसऱ्या हेलकाव्याला आमच्या मोटारीचे ढुंगण रस्त्यावर इकडून तिकडे फेकले जाऊ लागले. ड्रायव्हर-बंधूंनी ब्रेक मारला नाही. त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टीअरिंग सरळ धरून ठेवले आणि गाडी आपोआप मंदावेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. कडेला गाडी उभी राहिल्यावर म्हणाले, "अण्णा, गाडी मी हाकत नव्हतो. मागची पेटीच मला हाकत होती." आणि ती जोडी परत न्यावयास त्यांनी साफ नकार दिला. आम्ही त्यांना काय उत्तर दिले ते शेवटी सांगू. त्याची आम्हांस अजून लाज वाटते.

त्या रात्रीपासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. मेस्त्री लोकांना विचारले, पुस्तके मागविली, हिशेब मांडले. पहिलीच गोष्ट अशी कळली की आमचा मूळ प्रश्नच चुकला होता. 'ही पेटी कोण ओढील?' असे आम्ही विचारीत होतो. आता ओढणे म्हणजे काय ते पाहा. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर, हवा भरलेल्या टायरांवर, साडेसातशे किलोची पेटी चालती ठेवावयास साधारण दहा-बारा किलोचा जोर पुरतो. दोन माणसे ती सहज ढकलतात. आमच्या पोरांनी ती आवारात ढकललीही. मळ्याच्या कच्च्या वाटेवर याच्या तिप्पट-चौपट जोर लागेल. वीस फुटाला एक फूट असा चढ लागला तर वजनाचा विसावा भाग, म्हणजे सदतीस-अडतीस किलो, आणखी वाढतील. हे कोणत्याही मोटारीला, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, जड नाही. तेव्हा ओढता येते एवढ्यावरून गाडी त्या कामाला लायक ठरत नाही. पेटी ओढून दाखवणारी गाडी पुष्कळांकडे असते. ती आवरणारी गाडी कोणती, असे विचारावयास हवे.

आवरण्याचा हिशेब असा. चालत्या वस्तूच्या अंगी जो जोर साठतो तो वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चाळीसचा वेग साठ केला की वेग दीडपट होतो आणि साठलेला जोर सव्वादोनपट. हा सगळा जोर थांबताना कुठेतरी जिरवावा लागतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर तो पुढच्या गाडीच्याच ब्रेकांनी आणि टायरांनी जिरवावयाचा असतो, आणि त्या वेळी पेटी मागून गाडीला ढकलीत असते. माणसांसह बाराशे किलो भरणारी लहान मोटार समजा तीस मीटरमध्ये थांबते. तिच्यामागे सव्वासातशे किलोची, ब्रेक नसलेली पेटी लावली तर तेच अंतर अठ्ठेचाळीस मीटरच्या घरात जाते. तीच पेटी माणसांसह एकोणीसशे किलो भरणाऱ्या जीपमागे लावली तर तिचे तीस मीटर एक्केचाळीस होतात. रस्त्यात गुरू आडवे आले तर या सात मीटरांत त्या मुक्या जनावराचा आणि कदाचित आपलाही निकाल लागतो. इंजिनाचे घोडे या हिशेबात कुठेच येत नाहीत, हे आपल्या ध्यानात आले असेल.

घाटाचा हिशेब याहून डोळे उघडणारा आहे. सह्याद्रीतला एखादा घाट समजा सहाशे मीटर खाली उतरतो. जीप आणि पेटी मिळून सव्वीसशे किलो वजन तेवढे खाली येताना जी उष्णता निघते तिने सुमारे पन्नास लिटर थंड पाणी उकळीला येईल. एकटी जीप असती तर छत्तीस-सदतीस लिटर. यातली काही उष्णता हवेच्या विरोधात आणि टायरांत जाते, पण बाकीची इंजिनाने किंवा ब्रेकने पचवावी लागते. ड्रायव्हर गिअर न बदलता नुसता ब्रेकवर पाय ठेवून उतरला तर ती सगळी ब्रेकच्या वाट्याला येते. ब्रेक तापतात, धुरकट वास येतो आणि मग पाय दाबूनही गाडी धरत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगत की ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. ट्रेलर मागे असला म्हणजे हा नियम दुप्पट खरा. खालच्या गिअरमध्ये गाडीला चांगले धरून ठेवणारे इंजिन निवडावे, आणि ते पाहण्यासाठी गाडी उतारावर चालवून पाहावी.

आता वजन. आमच्या भागात काटा म्हटला की शेतकऱ्याला काटामारी आठवते; उसाच्या वजनावरून जन्मभर भांडलेलो आम्ही, स्वतःच्या पेटीला मात्र काटा दाखविला नव्हता. ज्यांनी पेटी बनविली त्यांनी तोंडी 'चारशे किलो' सांगितले आणि आम्ही मानले. वजनकाट्यावर मोकळी पेटी पाचशे साठ भरली. औषधे, पुस्तके, लोखंडी खाट आणि शंभर लिटर पाणी धरून आठशे साठ. त्यात कुणाचा लबाडपणा नव्हता. पत्रा थोडा जाड घेतला, दारे भक्कम केली, आमच्याच सूचनेवरून दुसरे कपाट वाढविले. प्रत्येक वेळी दहा-वीस किलो चढत गेले. पाण्याचे तर कुणी मोजतच नाही, पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तेव्हा गाडी निवडण्यापूर्वी ट्रेलर भरून, जसा रस्त्यावर जाणार तसाच, काट्यावर न्यावा. अंदाजाने गाडी घेऊ नये.

वजन कळल्यावर त्याला गाडी किती जड असावी? या बाबतीत आपल्याकडे लहान मोटारीमागे ट्रेलर जोडण्याची चाल फारशी नाही. युरोपात ती घरोघर आहे, म्हणून तिथले नियम पाहणे उपयोगाचे ठरते. तिथे स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर भरलेला साडेसातशे किलोंहून जड चालत नाही, आणि तो पुढच्या गाडीच्या मोकळ्या वजनाच्या निम्म्याहूनही अधिक असू नये. त्यापुढे गेलात की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक पाहिजेत. हे ब्रेक बहुधा ढकलीचे असतात: गाडी मंदावली की पेटी पुढे रेटते, तो रेटाच दांडीतून पेटीच्या चाकांचे ब्रेक लावतो. युक्ती साधी आहे, पण पेटी मग गाडीच्या जिवावर थांबत नाही, स्वतः थांबते. राहण्याच्या मोठ्या पेट्या ओढणाऱ्या नवशिक्यांना इंग्लंडात असा सल्ला देतात की ब्रेक असले तरी पेटी गाडीच्या मोकळ्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आतच ठेवा. दुसऱ्या महायुद्धात जीपमागे जो दोनचाकी ट्रेलर असे तो पाव टनाचा म्हणून ओळखला जाई. जीप स्वतः टनाच्या आसपास होती. आपल्याहून जड ओझी तिने चिखलातून ओढल्याचे फोटो पुष्कळ आहेत, पण नेमून दिलेला ट्रेलर एवढाच होता.

निर्मात्याच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाचा आकडा दिला असेल तर तो शेवटचा शब्द समजावा. आकडा दिलाच नसेल तर त्याचा अर्थ 'कितीही ओढा' असा नव्हे, 'ही गाडी त्यासाठी केलेली नाही' असा घ्यावा. शिवाय आर. सी. बुकात गाडीचे मोकळे वजन आणि भरल्या गाडीची कमाल मर्यादा पाहावी, कारण ट्रेलरचा थोडा भार गाडीच्या पाठीवरही येतो.

हा भार म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावे लागत नाही. बैलगाडीत माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल पुढे जास्त भरला तर गाडी धुरेला जड होते आणि बैलांच्या मानेला खांदे येतात. शहाणा गाडीवान भार असा लावतो की जू मानेवर बेताने टेकावे. ट्रेलरचेही तंतोतंत तसेच आहे. हुकावर थोडे वजन टेकलेच पाहिजे. युरोपात भरल्या पेटीच्या पाच ते सात टक्के धरतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. आम्ही दहा टक्के धरले. पेटी उलाळ असेल, म्हणजे ॲक्सलच्या मागे जड असेल, तर ती वेगात शेपटीसारखी हलू लागते, आणि एकदा हलू लागली की प्रत्येक हेलकावा पुढच्याला बळ देतो. आमची पाण्याची टाकी कुठे होती? अगदी मागच्या भिंतीला. शंभर किलो, तेही हिंदकळणारे. त्या दिवशी मालगाडीच्या वाऱ्याने फक्त निमित्त केले.

हुकावरचा भार मोजावयास यंत्र लागत नाही. ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना दगड लावावेत, घरात माणसांचे वजन करावयाचा काटा दांडीखाली ठेवावा, आणि त्यावर हुकाच्याच उंचीचा लाकडी ठोकळा उभा करून दांडी टेकवावी. काटा जो आकडा दाखवील तोच तो भार. कमी भरला तर आतले सामान पुढे सरकवावे. जास्त भरला तर मागे.

हा भार गाडीवर कसा बसतो हेही पाहिले पाहिजे, कारण गाडीच्या निवडीत तेच महत्त्वाचे. हूक मागच्या चाकांच्याही मागे असतो, म्हणून तिथे टेकलेले वजन तराजूच्या दांडीसारखे काम करते. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असून हूक मागच्या चाकांमागे एक मीटर असेल, तर हुकावरचे सत्तर किलो मागच्या चाकांवर अठ्ठ्याण्णव होतात आणि पुढच्या चाकांवरून अठ्ठावीस किलो उचलले जातात. पुढची चाके म्हणजे वळवणारी चाके. ज्या मोटारीला पुढचीच चाके ओढतात तिचे तर वळणेही हलके होते आणि चढावर पकडही सुटते. मागची चाके ओढणाऱ्या गाडीला मात्र हाच भार चढावर उपयोगी पडतो. यावरून तीन गोष्टी निघतात. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर जास्त असलेली गाडी घ्यावी. मागच्या चाकांमागे तिचे अंग कमी लोंबत असावे. आणि मागचे पाटे किंवा स्प्रिंग भक्कम असावेत. जोडल्यावर गाडीचे तोंड आभाळाकडे झाले तर ती जोडी रस्त्यावर काढू नये.

इंजिनाविषयी आम्ही अगदीच बोलू नये असे नाही. घोड्यांची एकूण संख्या नव्हे, तर कमी फेऱ्यांत मिळणारा जोर पाहावा. डिझेल इंजिन या कामाला बरे पडते ते याच कारणाने. चढावर थांबून पुन्हा निघताना जोर कमी पडला की ड्रायव्हर क्लच अर्धवट धरून ठेवतो आणि क्लचप्लेट जळते. बंद पेटीला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे वारा. उघड्या ट्रॉलीपेक्षा उभ्या भिंतीची पेटी कितीतरी अधिक हवा अडविते. ऐंशीच्या वेगाला हवेचा विरोध चाळीसच्या चौपट असतो आणि तो रेटावयाला इंजिनाची शक्ती आठपट खर्च होते. डिझेल वाचवावयाचे तर मोठे इंजिन घेण्यापेक्षा वेग कमी करणे हा स्वस्त उपाय आहे.

आता हूक आणि कायदा. हूक गाडीच्या चासीला, सांगाड्याला, बोल्टांनी धरलेला असावा. बंपरला किंवा मागच्या पत्र्याला डकवलेला नव्हे. जीपच्या जातीच्या गाडीला खाली शिडीसारखी स्वतंत्र चासी असते, म्हणून हूक धरावयास तिथे जागा मिळते. हुकाचा गोळा आणि ट्रेलरच्या दांडीचा कप एकाच मापाचे असावेत. दांडीपासून गाडीपर्यंत दोन साखळ्या, एकमेकींना फुली मारून बांधाव्यात. हूक सुटलाच तर दांडी त्या फुलीच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६१ व्या कलमाप्रमाणे ट्रेलरचीही नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो. ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत मनाने करता येत नाही, म्हणून हूक लावण्याआधी आर.टी.ओ.त विचारून घ्यावे. विमा दोन्हींचा पाहावा. अपघातानंतर कागद अपुरे निघाले तर त्याचे मोल ड्रायव्हरच्या बायकामुलांना मोजावे लागते.

आणि दिवे. ब्रेकचा दिवा, वळणाचा दिवा आणि लाल परावर्तक पट्ट्या ट्रेलरच्या मागे असल्याच पाहिजेत. आमचा एक सभासद रात्रपाळी संपवून मोटारसायकलीने घरी जात असता उसाच्या एका काळोख्या ट्रॉलीवर मागून आदळला. त्या ट्रॉलीला चार आण्यांची लाल पट्टीसुद्धा नव्हती. आम्ही त्याला खांदा दिला आहे. त्यामुळे या बाबतीत आमच्याकडून सवलत मिळावयाची नाही.

इतके झाल्यावर आम्ही पुन्हा बैठक बोलाविली आणि त्याच गाड्या नव्या मापाने मोजल्या. लहान मोटारीचे मोकळे वजन नऊशे किलो, निम्मे साडेचारशे. आमच्या पेटीला ती मोकळीसुद्धा ओढावयास नको. सव्वाशे घोड्यांच्या उंच मोटारीचे बाराशे, निम्मे सहाशे. तिला घोडे पुष्कळ, पण अंग नाही, हूक धरावयास चासी नाही, आणि पुस्तिकेत ओढण्याचा आकडाही नाही. ट्रॅक्टरला जोर आणि वजन दोन्ही असते. एका तळावरून शेजारच्या तळावर जावयाचे असते तर आम्ही त्यालाच पसंत केले असते. पण तीस-चाळीस किलोमीटरच्या फेऱ्या, डॉक्टर आणि नर्सबाई यांना बरोबर नेणे आणि रात्री-अपरात्री रोग्याला दवाखान्यात पोहोचविणे ट्रॅक्टरवर होत नाही. राहिली जुनी जीप. मोकळे वजन साडेसोळाशे; निम्मे सव्वाआठशे. पाऊणशे घोडे, पण खालच्या गिअरमध्ये जोर, मागची चाके ओढणारी, शिडीची चासी. तीच घेतली. घेण्यापूर्वी मेस्त्रीकडून ब्रेक, क्लच, रेडिएटर आणि चासीला कुठे तडा आहे काय एवढे पाहून घेतले. रंग कसा आहे ते कुणी पाहिले नाही.

पण नुसती गाडी बदलून आम्ही थांबलो नाही. पेटीही बदलली. लोखंडी खाटेऐवजी घडीची खाट आली, दुसरे कपाट गेले, टाकी ॲक्सलच्या किंचित पुढे घेतली आणि पाणी तळावर पोहोचल्यावरच भरावयाचे ठरले. काट्यावर पेटी सातशे वीस भरली. एवढ्यावर ब्रेकवाचून भागले असते, तरी आम्ही ढकलीचे ब्रेक बसवून घेतले. पुष्कळदा मोठी गाडी शोधण्याआधी पेटी हलकी करणे हाच शहाणपणा असतो.

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला ड्रायव्हर-बंधूंनी नकार दिला तेव्हा आम्ही त्यांना चिडून म्हणालो, "एवढं काय झालं? पोहोचलो ना सुखरूप? तळावर माणसं वाट पाहताहेत." ते काही बोलले नाहीत. त्यांनी किल्ली आमच्या हातात दिली आणि ते दगडावर जाऊन बसले. ती किल्ली हातात घेऊन उभे असताना आम्हांला एकदम कळले की हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकलेले आहे. तीस वर्षे ते आम्ही मालकांच्या तोंडून ऐकत आलो होतो. मशीनचे झाकण नसताना काम करावयास नाही म्हणणाऱ्या कामगाराला हेच सांगत, की काल काही झाले नाही, आज काय होणार आहे? उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या डोंगराएवढ्या भरून ट्रॅक्टरच्या पोराला रात्री रस्त्यावर काढतात तेही हेच सांगून. त्या पोराला नाही म्हणावयाची सोय नसते, कारण उचल घेतलेली असते. आणि इथे, आमच्या स्वतःच्या संघटनेत, चांगल्या कामाच्या नावाखाली आम्हीच मालक झालो होतो.

दुसऱ्या बैठकीत आम्ही आमची चूक सांगितली, ड्रायव्हर-बंधूंची माफी मागितली आणि एक ठराव करून घेतला. तो आजही पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेला आहे. वजन ठरल्याहून जास्त असेल, हुकावरचा भार कमी असेल, साखळ्या, दिवे किंवा ब्रेक यांत खोट असेल, किंवा पेटीत माणूस बसलेला असेल, तर ड्रायव्हर गाडी हलविणार नाही. त्याला कुणी कारण विचारणार नाही आणि त्याचा त्या दिवसाचा रोज कापला जाणार नाही. वेग पन्नासच्या वर जाणार नाही, तळावर कुणीही वाट पाहत असले तरी.

श्रोतेहो, आपणापैकी कुणी उद्या शाळेच्या सामानासाठी, फिरत्या वाचनालयासाठी, भजी-वड्याच्या धंद्यासाठी असा ट्रेलर करील. त्याने आधी काट्यावर जावे, मग गाडीच्या आर. सी. बुकातले मोकळे वजन वाचावे, आणि मग जो माणूस ती जोडी चालविणार आहे त्याला विचारावे. तो नको म्हणाला तर दुसरी गाडी पाहावी. आमचे ते ड्रायव्हर-बंधू आता पंच्याहत्तरीला आले आहेत. जीप तरुण पोरगा चालवितो. पण हंगामाच्या पहिल्या दिवशी ते अजून येतात, दांडीखाली घरचा काटा ठेवतात, चष्मा लावून आकडा वाचतात, आणि मग म्हणतात, "हं, आता जाऊ द्या."